भाऊ अजून रेल्वेत आहे

एका शब्दात उत्तर देणं म्हणजे समोरच्याचा अपमान, असं मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि नेमका तोच माझा रूममेट निघाला. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकताना आम्ही तिघं एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. मी सांगलीचा, दुसरा नागपूरकर, आणि तिसरा हा, आफ्रिकेतल्या लेसोथो नावाच्या डोंगराळ देशातला. तिथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींत कामाला जातात आणि आपल्या प्रवासाची लांबच लांब गाणी रचतात. दिफेला म्हणतात त्यांना. कागद नाही, पेटी-तबला नाही. उभं राहायचं आणि सुरू व्हायचं. शिकायला येण्याआधी आमचा हा गडीही खाणीत उतरला होता. वडील आणि थोरला भाऊ अजून तिथेच होते. इकडे तो शेतीच्या मातीवर संशोधन करायला आला होता म्हणे, पण आम्ही त्याला मातीपेक्षा गाण्यातच जास्त पाहिला.

"दूध संपलं का रे?" एवढं विचारायचा अवकाश! खांद्यावर भलंमोठं लोकरी ब्लँकेट टाकून, काठी म्हणून झाडू हातात घेऊन स्वारी किचनमध्ये येरझाऱ्या घालायला लागायची. आधी स्वतःचं नाव, मग आईचं, गावच्या नाईकाचं, मग घरातून निघणं, कॅम्पसची बस, तिचा खवट ड्रायव्हर, बर्फात घसरलेला कुणी प्रोफेसर. आमच्यासाठी सगळं इंग्रजीत गायचा बिचारा, आणि तो दुधापाशी पोचेपर्यंत आमचा कोरा चहा पिऊन व्हायचा. मधे बोलायची सोय नव्हती. नागपूरकरानं एकदा, "अबे, आहे का नाही ते सांग ना!" म्हणून तोडलं, तर गडी जराही न चिडता पुन्हा आईच्या पोटातून निघाला! आणि खरं सांगू का, आम्हाला त्याची चटक लागली होती. तीच बस, तोच ड्रायव्हर, पण दर वेळी ऐकताना प्रवास नवा. त्याच्या गाईडनी एकदा लॅबमध्ये प्रयोगाचं काय झालं म्हणून विचारलं आणि थोड्या वेळानं निमूटपणे खुर्ची ओढून बसले.

मग एका संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली. दक्षिण आफ्रिकेतल्या एका खाणीत खडक कोसळला होता, आणि ह्याचे वडील उतरायचे तीच ती खाण होती. वडील आणि भाऊ एकाच पाळीत कामाला. फोन लागेनात, लागले तर कुणी उचलेना. झाडू कोपऱ्यात उभा राहिला. मी विचारलं, "काही खाल्लंस का?" तो म्हणाला, "नाही." एवढंच! नागपूरकर बापडा वरणभात करून त्याच्यासमोर ठेवायचा आणि तसाच उचलून न्यायचा.

रविवारी सकाळी फोन वाजला. खाणीजवळच्या चर्चमधल्या फादरनी आपला फोन वडिलांना दिला होता. "न्ताते!" तो ओरडला. म्हणजे बाबा. वडील जिवंत होते! आम्ही एकमेकांचे हात घट्ट धरले. आणि रिसीव्हरमधून म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज यायला लागला. स्वतःचं नाव. आईचं नाव. गावच्या नाईकाचं नाव.

"अबे, भावाचं विचार ना!" नागपूरकर कासावीस झाला.

त्यानं रिसीव्हरवर हात ठेवला. "न्ताते गातायत. मधे कसं विचारू?" मग हळूच म्हणाला, "नदी ओलांडली."

"भाऊ?"

"भाऊ अजून रेल्वेत आहे."

अरे देवा! हसावं की रडावं तेच कळेना. रेल्वे पोचली, खाणीचं फाटक उघडलं, दोघं लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाली गेले. मग त्यानं आम्हाला सांगायचं थांबवलं. डोळे मिटून नुसता ऐकत राहिला, ओठ पांढरे पडले. रिसीव्हरमधला आवाज एकदम खाली गेला, अगदी पुटपुटल्यासारखा. मग चढत चढत इतका वर आला, की त्यानं रिसीव्हर कानापासून लांब धरला. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि गदागदा हसायला लागला, गालांवरून पाणी वाहत होतं. "वर आले! दोघंही वर आले! भावाचा पाय मोडलाय, हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांना शिव्या घालतोय!"

नागपूरकरानं त्याला मिठी मारली आणि पाठीत एक धपाटाही घातला. "तुझ्या बाबांना हे आधी नसतं का सांगता आलं?"

"मग मी फक्त ऐकलं असतं," तो डोळे पुसत म्हणाला. "आता त्यांच्याबरोबर खाली जाऊन आलो."

त्या सकाळी तो तीन माणसांचा वरणभात एकटा जेवला. मी मात्र सांगलीला शेजारच्या काकूंकडे फोन लावला. बाबा धावत आले असावेत, धाप लागली होती. म्हणाले, "इकडे सगळं ठीक. तू बरा आहेस ना? ठेवतो मग."

"ठेवू नका, बाबा. आज दिवसभर काय केलंत ते सांगा."

ते गोंधळलेच. "काय सांगायचं त्यात? सकाळी उठलो... घाटावर गेलो होतो. पाणी बरंच उतरलंय." मग घाटावर कोण भेटलं ते सांगायला लागले. आता बाबा नाहीत. पण त्या रविवारी ते घाटावरून कुठे गेले, कोणाशी बोलले आणि उन्हं उतरल्यावर कोणत्या रस्त्यानं घरी आले, ते मला अजून सगळं सांगता येईल.