चाचांचा रिकामा हॉल आणि माझी जीभ

केजला आमचं किराणा दुकान आहे. पुण्याहून कोर्स करून आलेली माझी मुलगी वर गच्चीवर बायकांना गाण्यावर व्यायाम शिकवायची. तिचं लाडकं गाणं नायजेरियाचं. ठेका असा, की साखर तोलताना माझाही पाय हलायचा. एकदा विचारलं, "काय म्हणतोय गं हा?"

"म्हणतोय, कायच नव्हतं माझ्याजवळ. मेहनत केली, देवानं दिलं. आता लपवणार न्हाई, बघा माझ्याकडं."

"सोताच सोताचं सांगतोय व्हय?"

"मग कोन सांगनार अप्पा, तुमी?" ती हसली. मला मात्र लागलं.

आमच्या घरात आपल्या माणसाचं कौतुक करायची रीतच नाही. कुणी म्हणालं, पोरगी हुशार आहे, की आपण म्हणायचं, "कशाची हुशार, चाललंय आपलं." नजर लागू नये म्हणून.

बायका वाढल्या, गच्ची पुरेना. समोर फळांचे व्यापारी आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांचा वरचा हॉल रिकामा होता. मुलीनं तो मागितला. चाचा माझ्याकडं चौकशीला आले.

"शेठ, पोरगी टिकंल का ह्याच्यात?"

मी सवयीनं बोलून गेलो, "पोरकट नाद हाय हो. बघू किती दिवस."

चाचांनी हॉल एका शिलाईवाल्याला दिला. मुलीला वाटलं, बायकांचं नाचणं त्यांना खटकलं. ती त्यांना नाही नाही ते बोलली आणि मी ते ऐकूनही खरं सांगितलं नाही. पावसाळ्यात उघड्या गच्चीवरचा वर्ग बंद पडला. रोज तिच्यासमोर जेवायला बसायचो, पण "वरण वाढ" यापलीकडं तोंड उघडत नव्हतो.

दिवाळीच्या सुमारास शिलाईवाल्यानं हॉल सोडून बसस्टँडजवळ दुकान थाटलं. मी चाचांकडं गेलो, ते सीताफळं निवडत होते.

"चाचा, तवा मी खोटं बोललो. माझी पोरगी लई भारी शिकवते. तिच्यासारखी मेहनती पोर साऱ्या केजात नसंल."

चाचांनी निवडणं थांबवलं. "मंग तवा कावून न्हाई बोलले? मी म्हनलं, बापालाच भरोसा न्हाई, तर मी कावून ठेवू?"

"नजर लागंल म्हनून."

"तुमचीच लागली की, शेठ!" असं म्हणून ते इतके हसले की हातातलं सीताफळ फुटलं. किल्ली तिथंच दिली.

घरी येऊन मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चाचांना मी काय काय बोलले, अप्पा." उठली ती आधी त्यांच्याकडं गेली, हॉल नंतर झाडला.

काही दिवस माझ्याशी तुटकच वागली. चूक माझीच होती. मग एका सकाळी रस्त्यापलीकडून हाक आली, "अप्पा, आरसे लावायचेत, धरायला या!" गिऱ्हाईक उभं होतं. त्याला म्हटलं, थांबा जरा, आणि वर गेलो.