पाळीतही पाण्यात

मोना रहांगडाले पोरींना पोहायला शिकवायची आणि त्यांच्या आयांना मनोमन मूर्ख समजायची. तिचा बाप गोंदियाकडची शेती सोडून भिलाईच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर लागला होता. पोरीला पाळी आली की तो तिला पाण्याजवळ फिरकू देत नसे. त्यात तिची निवड स्पर्धा हुकली. ते तिनं कोणालाच माफ केलं नव्हतं.

भिलाईतच रिसाली भागात राहणाऱ्या भावाची मुलगी समृद्धी तिच्याकडेच शिके. ऐन स्पर्धेच्या सकाळी पोरीला पाळी आली. मोना पाळीत आत बसवायच्या कापसाच्या सुरळ्यांचं, टॅम्पॉनचं पाकीट घेऊन भावाच्या घरी गेली, तर तारावहिनी दारातच आडवी.

"हे आत गेलं तं पोटात हरपते म्हणते. अन् पोरीचं लगन व्हाचं हाय. कुवारपन गेलं तं?"

"कोन म्हणते?"

"सगळ्याच म्हणतेत."

"सगळ्याइच्या डोक्यात भुसा हाय," मोना म्हणाली. "गर्भाशयाचं तोंड एवढुसं बारीक. त्यातून कापूस जाईन कसा? दोरी तं बाहेरच राहते. अन् कुवारपन कापसानं जाते का? ते कायनं जाते, हे तुले मी सांगाव?"

तारा पदर तोंडाला लावून आत गेली. मोनाला तिची लाजही ढोंगच वाटली.

न्हाणीच्या दाराबाहेर उभी राहून तिनं भाचीला सांगितलं, "हात धू. लहानवालं घे. एक पाय बादलीवर ठेव, अंग सैल सोड अन् पाठीकडं तिरकं सरकव."

"आत्या, दुखून राहिलं."

"मंग थांब. जोर नोको करू."

दुसऱ्या खेपेला ते नीट बसलं. पोरीला आत काही आहे हे जाणवेनासंही झालं.

"पोहून झालं का बदल. आठ तासाच्या वर कधीच ठेवाचं नाही. ताप, उलटी, चक्कर आली तं काढाचं अन् थेट डॉक्टरकडे."

समृद्धी चौथी आली. तारानं मात्र शेजारणींना सांगितलं, पाळी लांबवायची गोळी दिली होती. मोनानं तोंड वाकडं केलं. पाळी आल्यावर ती गोळी कशी चालेल? खरं बोलायची हिंमत नाही आणि खोटं बोलायची अक्कल नाही.

पुढं एकदा भिलाईच्या पावर हाउस भागातल्या बाजारात तारानंच तिला कोपऱ्यात ओढलं.

"ते एखादं हाय का तुह्याजवळ? माह्या भावाच्या लग्नात दिवसभर उभं राहाचं हाय मले."

मोनानं आवाज जराही खाली न करता पहिल्यापासून सगळं सांगितलं. तारा मान खाली घालून ऐकत राहिली. भाजीवाला टक लावून बघत होता. मोनानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो वांगी रचायला लागला.