हाव म्हणाले म्हणून

पडद्यावर एक शब्द सगळ्यांत मोठा होता. हाव. धूळ, पाणी, खोकला हे शब्द त्याच्या आजूबाजूला बारीक अक्षरात. यवतमाळच्या हॉटेलातला थंडगार हॉल. पुढे पुण्याहून आलेली माणसं, मागच्या रांगेत आम्ही गावोगाव मुलाखती घेणाऱ्या बाया. पुण्याच्या मॅडमनी लाल ठिपका त्या शब्दावर धरला आणि मला विचारलं, “ही राजूरकडची वस्ती तुमचीच ना?”

“हाव,” मी म्हणाले.

हॉल हसला. “बघा, कबूलही करतात,” मॅडम म्हणाल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

आमच्याकडे हाव म्हणजे हो. लोभ नाही. एवढंच सांगायचं होतं, पण मॅडमनी पुढचं चित्र लावलं.

आठ वर्षं झाली हे काम करतेय. आधी वही आणि रेकॉर्डर असायचा. एक मुलाखत टाइप करायला दोन दिवस जायचे, मान धरायची. यंदा टॅबलेट आला. समोरचा माणूस बोलतो आणि अक्षरं आपोआप उमटतात. मग दुसरं मशीन शब्द मोजतं, लोकांच्या मनात काय आहे ते सांगतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. मान सुटली.

या मुलाखतींवरून फिरत्या दवाखान्याची यादी ठरणार होती. कोळशाच्या धुळीतल्या कुठल्या वस्तीत गाडी आधी येणार, ते. आमची वस्ती यादीत शेवटी गेली. पुढे शेरा होता : अपेक्षा अवास्तव, हाव जास्त.

परतीच्या एसटीत मी कानात वायर घालून कौसामायची मुलाखत लावली. कौसामाय आमच्या शेजारची, माझ्या आईच्या वयाची.

“माय, खोकला येते का?”

“हाव बाई.”

“बुढ्यालेबी?”

“हाव ना. धुरळा खाऊन राह्यलो आमी, खोकला येनार नाही तं काय?”

“डॉक्टर आला होता का कधी?”

“कोनी नाही आलं. तूच आली पहिल्यांदा इचाराले.”

टॅबलेटवर तिचा हाव जसाच्या तसा उमटला होता. मशीननं तिचा शब्द बदलला नव्हता. बदलत मी होते. आठ वर्षं मी प्रत्येक हावचं हो केलं. मलेचं मला केलं, कायलेचं कशाला. कोणी सांगितलं नव्हतं. शाळेत घालताना बाबा म्हणाले होते, “शुद्ध बोलत जाय. मंग तुले कोनी मोहल्ला इचारनार नाही.” ते खाणीत राबले, मोहल्ला विचारला की काय होतं ते त्यांनी भोगलं होतं. मी त्यांचं ऐकलं. आणि आमच्या माणसांची बोली मीच पुसत गेले. माझ्या कागदांवर पुण्याच्या लोकांनी हा शब्द कधी पाहिलाच नव्हता. मग त्यांना तो लोभच वाटणार. राग आला, तो आधी स्वतःचाच. मग त्यांचा. कारण न कळलेला शब्द विचारता येतो. त्यांना विचारावंसं वाटलं नाही, कारण आमच्याबद्दल त्यांचं आधीच ठरलेलं होतं.

सोमवारी ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं.

“अरेरे. मग सगळीकडे हावचं हो करून टाका. एका बटणाचं काम आहे.”

“आणि यादी?”

“यादी वर गेली. ती आता नाही बदलत. तुम्ही फक्त ‘पडताळणी केली’वर सही करा.”

कागद समोर सरकवला. खाली माझं नाव छापलेलं. सही केली की माझ्याच नावानं माझी वस्ती हावरट ठरणार होती. फार दमले होते. सही केली असती तर घरी जाऊन निवांत पडता आलं असतं.

“हाव तसंच ठेवा. बाजूला त्याचा अर्थ लिहा. यादी परत मागवा. मग करते सही.”

“ताई, तुमच्या सहीवाचून काही अडत नाही. तुमचं पुढचं काम मात्र अडेल.”

“अडू द्या. मुलाखती मी घेतल्यात. वर कोणाकडे यादी गेली ते सांगा, मी तिथं जाऊन ऐकवते. कौसामायलाही घेऊन जाते.”

सरांनी चष्मा काढला. “म्हणजे तुम्ही सही करणार नाही?”

“हाव.”

त्यांनी कागद मागे ओढला. या वेळी मी हावचं हो केलं नाही. आता तो शब्द त्यांनी शिकायचा.