बेलापूरच्या बाजारात बिनदेठाची मिरची

आधी पार्वतीमावशींचं नाव घेते. बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यातल्या, सुकी मासळी विकणाऱ्या या बाई माझ्या शेजारी बसल्या नसत्या, तर हे लिहायला मी धजलेच नसते.

भिवापूरकडच्या आमच्या गावातल्या बायकांच्या गटाने यंदा मिरची व्यापाऱ्याला न देता बेलापूरला नेऊन विकायला माझ्या हवाली केली. मी आठवीतून शाळा सुटलेली, नागपूरच्या पुढे कधी न गेलेली. पोती परत आली तर बायका पुन्हा व्यापाऱ्याच्याच दारात जाणार, हे पक्कं होतं. प्रवासभर घास गिळवला नाही.

रविवारी सकाळी बेलापूरच्या मैदानात शेतकरी बाजार भरला. खाडीकडून खारट वारा येत होता. वाड्याचा तांदूळ, मालवणकडचं आगळ (कोकमाचा घट्ट रस), कर्जतच्या ठाकर बायकांनी पानाच्या द्रोणांत मांडलेली करवंदं. एक द्रोण संपवला, ओठ चिकट झाले आणि धीर आला. आमच्या मिरचीचा रंग तिथे कुणालाच हार जाणारा नव्हता.

पण बायका यायच्या, मूठभर मिरची उचलायच्या, उलटसुलट बघायच्या आणि ठेवून द्यायच्या. दुपारपर्यंत हेच. बोंबलांवरच्या माशा हाकत मावशी बघत होत्या.

“पोरी, देठं कुठं गेली?”

“खुडली ना, मावशी. आमच्याकडे सातऱ्यावर (मिरची निवडायची मोकळी जागा) बायका एकेक देठ खुडतात. बिनदेठाची म्हणजे नीट निवडलेली.”

“तुमच्याकडं असंल. आमी देठ बघून मिरची घेतो. देठ नाय म्हंजे जुना माल.”

खुडलेले देठ आता कुठून लावणार?

“तोंड नको पाडू. तिखट हाय, का नुसती लाल?”

“खाऊन बघा.”

“कोरडी खाऊ? मरायला टाइम हाय अजून मला.”

मावशींनी चहावाल्याची शेगडी मागून घेतली. माझी मिरची भाजली, लसणासोबत तराजूच्या वजनानेच ठेचली आणि त्यात जवळा (अगदी बारीक सुकी कोलंबी) परतला. सगळा बाजार खोकायला लागला, आणि खोकत खोकत आमच्याकडेच आला. मावशींनी डब्यातली तांदळाची भाकरी मोडून सगळ्यांच्या हातावर ठेवली.

वर्षाच्या मसाल्याची मिरची घ्यायला मावशींच्या गावच्या बायका आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, “काय गो पारू, म्हावरा सोडून मिरची विकतेस?”

“आदी खा, मंग बोल. देठ खुडायची त्यांची रीत हाय. खराब निघाली तं माझ्या दारात आनून टाक.”

ती बाई डोळे पुसत खात राहिली आणि पिशवी पुढे केली. मग तिच्यामागच्या बायकांनीही. उन्हं उतरेपर्यंत माझी पोती रिकामी झाली. मावशींची मासळी मात्र बरीचशी तशीच होती; दुपारपासून त्या माझंच गिऱ्हाईक सांभाळत होत्या.

परतीच्या गाडीत रिकामी पोती उशाला घेतली आणि पोटभर जेवले. गावच्या बाजारात मला सगळे ओळखतात, म्हणून माझा माल खपतो. इथे ओळखणारं कुणी नव्हतं, तेव्हा मावशींनी आपली ओळख मला वापरायला दिली. याची फेड पैशात होत नाही. एक दिवस पार्वतीमावशींचा जवळा आमच्या आठवडी बाजारात मी स्वतः बसून, माझ्या नावावर विकून देईन.