ठिपके, रेघा आणि अभनपुरचा म्हातारा

जगातली कोणतीही दोन माणसं एकमेकांना खरोखरच ओळखत नसतील, यावर माझ्या साडूंचा मुळीच विश्वास नाही. बाजारात भाजीवाली आणि शेजारचा टमाटरवाला एकमेकांकडे बघत नसतील, तर त्यांचं आतून काहीतरी ठरलेलं आहे. आणि बघत असतील, तर मग विचारायलाच नको. नव्या रायपुरात रस्ते होऊन गेले होते आणि माणसं अजून यायची होती, त्या काळात मी नागपूरहून तिथल्या एका दफ्तरात बदलून आलो आणि पहिल्याच रविवारी पेढे घेऊन जुन्या रायपुरातल्या तात्यापाऱ्यात त्यांच्या घरी गेलो. माझ्या बायकोच्या सख्ख्या मोठ्या बहिणीचा नवरा, तेव्हा परकेपणाचा प्रश्न नव्हता. साडूंनी डबा हातात घेतला, त्यावरचं दुकानाचं नाव दोनदा वाचलं आणि विचारलं, "एवढी दफ्तरं सोडून याच दफ्तरात काहून आले तुम्ही? कोणी पाठवलं?" मी म्हणालो, सरकारनं. "ते तर सगळेच म्हणतात," असं म्हणून त्यांनी अर्धा पेढा खाल्ला आणि उरलेला अर्धा पुरावा म्हणून ठेवावा तसा वाटीत ठेवून दिला.

असल्या माणसाला पोटापाण्याचं कामही त्याच्या स्वभावाचंच मिळावं, हा मोठाच योग. साडू एका संस्थेत माहितीचे साठे रचत. बाकीचं जग माहिती तक्त्यात भरतं: नाव, बापाचं नाव, पत्ता, आणि रकाने संपले की माणूसही संपला. साडूंचा तक्त्यांवर दात होता. "माणूस काय रकान्यात राह्यते, राजेहो?" त्यांचं दैवत म्हणजे ग्राफ डेटाबेस. त्यात प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका आणि प्रत्येक नातं म्हणजे एक रेघ. रेघेला स्वतःचं नाव असतं, बाण असतो, कधीपासून आणि कधीपर्यंत हेही लिहिता येतं. उद्या एखादं न ऐकलेलं नातं उपटलं, तर जुनी मांडणी मोडावी लागत नाही, नुसती नव्या नावाची रेघ ओढायची. हे सगळं त्यांनी आम्हाला जेवता जेवता समजावलं. बायको म्हणाली, "म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच की, भाऊजी!" साडूंचा घास हातातच राहिला. "तुले हे कोणी सांगितलं?"

दफ्तरातली ही विद्या त्यांनी घरीही चालवली होती. त्यांच्या लॅपटॉपवर आमचं सगळं गोत ठिपक्यांनी पसरलं होतं, आणि केवळ गोतच नव्हे, तर दूधवाला, गॅसवाला, समोरचा दवाखाना आणि तिथली रिसेप्शनिस्टसुद्धा. एकदा त्यांनी मला माझा ठिपका दाखवला. त्यांच्यापासून माझ्यापर्यंत एक रेघ होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, "साडू, सध्या." मी विचारलं, सध्या म्हणजे काय? "जागा ठेवून राहिलो," ते शांतपणे म्हणाले, "नातं बदलते, मांडणी लवचिक पाहिजे." त्यांच्या घरी वारंवार येणारा इलेक्ट्रिशियन आणि त्यांना पंखा विकणारा दुकानदार हे मामेभाऊ निघाले, तेव्हा तर त्यांना आभाळ ठेंगणं झालं. "दोन रेघांच्या उडीत सापडला! म्हणून पंखा बिघडते!" पंख्याची वॉरंटी संपली होती हे कोणी त्यांच्या कानावर घातलं नाही. त्यांची मुलगी तेवढी म्हणाली, "पापा, आप ना, भगवान पे भी शक करोगे." मराठी तिला सगळं कळे, पण उत्तर हिंदीत येई. भगवानांचं कशाशी काय जुळतं हे साडू तेव्हा खरंच पाहत होते, असा माझा अंदाज आहे.

या सगळ्या रांगोळीत एकच ठिपका असा होता, की त्याला रेघच नव्हती. तो होता रायपुरजवळच्या अभनपुर गावच्या एका म्हाताऱ्याचा. साडूंचे आजोबा छोट्या, म्हणजे नॅरोगेज, रेल्वेत नोकरीला होते आणि अभनपुरच्या स्टेशनावर त्यांची बरीच वर्षं गेली. पुढे साडूंचे वडील दर हंगामात "अभनपुरला जाऊन येतो" म्हणून निघत, आणि येताना नव्या तांदळाचं पोतं आणि तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीची, कोवळी भाजी घेऊन येत. कोणाकडून, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मी रायपुरात यायच्या आधीच ते वारले. त्यांच्या दहाव्याला हा म्हातारा आला, घाटावर एका कडेला बसला आणि त्यानं डोकं भादरून घेतलं! साडूंचा तपास तिथून जो सुरू झाला, तो थांबलाच नाही. "डोकं कोण भादरते? घरचा माणूस! म्हणजे आजोबांनी तिकडे दुसरं बिऱ्हाड केलं होतं. हा बाबांचा सावत्र भाऊ. उद्या या घरात हिस्सा मांगन." वडिलांमागेही तांदळाचं पोतं दर वर्षी येतच राहिलं. साडूंच्या मते तो हक्क जिवंत ठेवायचा डाव होता. भात मात्र ते दोन वेळा खात, प्रत्येक घास तपासून.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा हे प्रकरण पेटलं. तात्यापाऱ्याचं घर पुढेमागे तिच्याच नावे करायचं त्यांच्या मनात होतं, आणि घर हातचं जातं की काय या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती. अभनपुरला पत्रिका पाठवायची नाही, असा हुकूम सुटला. आणि लग्नाला आठवडा राहिलेला असताना म्हातारा आपणहून दारात उभा! काठी टेकत आला होता, डोक्यावर फडक्यात बांधलेली पितळेची पाच भांडी. "नतनिन के बिहाव हे, बेटा," तो हसत म्हणाला, "खाली हाथ कइसे आतेंव?"

नतनिन म्हणजे नात. एवढा एक शब्द साडूंना पुरला. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं, साक्षीदार म्हणून, आणि वकिलासारखे पुढे सरकले. "आमच्या वडिलांना ओळखत होते ना तुम्ही? नाव सांगा त्यांचं."

म्हाताऱ्याचं हसू मावळलं. त्यानं दोन्ही कानांना हात लावला आणि मान खाली घातली.

"सांगा ना! पूरा नाम."

म्हाताऱ्यानं पुन्हा कानांना हात लावला. साडू माझ्याकडे वळले आणि कुजबुजले, "पाहून राहिले ना? नाव माहीत नाही! सावत्र भाऊबी नाही, नुसता भामटा!" आत मेहुणी चहाचा ट्रे घेऊन जागच्या जागी थांबली होती. म्हाताऱ्यानं भांड्यांवरून एकदा हात फिरवला आणि अगदी हळू म्हणाला, "मितान के नाँव नइ लेवन, बेटा."

रायपुरात जन्म गेलेल्या माणसाला मितान माहीत नसतो असं नाही. दोन मुलं देवापुढे नारळ देतात-घेतात आणि जन्माचे मितान होतात. मग जात आड येत नाही, भाषा आड येत नाही, एकाच्या घरचं सुतक दुसऱ्याच्या घरी पाळतात आणि एकमेकांचं नाव तोंडानं कधी घेत नाहीत. साडूंना हे सगळं ठाऊक होतं. फक्त ते छत्तीसगढी गावातल्या लोकांचं असतं, विदर्भातून आलेल्या रेल्वेबाबूच्या मुलाचं नसतं, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. अभनपुरच्या स्टेशनामागे खेळणाऱ्या त्या दोन पोरांनी त्यांना विचारलं नव्हतं. आणि आपल्या बापानंही या माणसाचं नाव कधी काहून घेतलं नाही, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं असावं, कारण ते उठले आणि काही न बोलता म्हाताऱ्याच्या पाया पडले.

लग्नात म्हातारा आजोबाच्या जागी बसला. त्या आधीच साडूंनी वडील आणि म्हातारा यांच्यामधली ती रेघ ओढली होती. सगळ्या रेघांना एकीकडे बाण, हिला दोन्हीकडे. "कधीपर्यंत" या ठिकाणी मात्र त्यांनी काहीच भरलं नाही. मी म्हटलं, भाऊजी, वडील तर गेले. म्हणाले, "पण हा दहाव्याले आला होता ना? म्हणजे संपलं नव्हतं."

पुढच्याच वर्षी म्हातारा गेला. साडूंबरोबर मी त्याच्या दहाव्याला अभनपुरला गेलो. तळ्यावर त्यांनी डोकं भादरून घेतलं आणि एका कडेला बसले. म्हाताऱ्याचा जावई बाहेरगावचा होता. त्यानं यांना दोनदा खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "आप कौन हुए इनके?" मला वाटलं, आता ठिपके निघणार, रेघा निघणार. साडू नुसते म्हणाले, "घर का हूँ." जावयाला ते पटलं नाही. तो लांब जाऊन कोणाशी तरी बोलत आमच्याकडे बघत राहिला, पण थोड्या वेळानं पाण्याचा लोटा घेऊन आला आणि साडूंपुढे ठेवून गेला.

परतताना गाडीत साडू उघड्या डोक्यावरून हात फिरवत होते. "जावई हुशार आहे," ते म्हणाले, "त्याले विश्वास नाही बसला माझ्यावर." मग त्यांनी खिडकीची काच खाली केली.

"तरी त्यानं पाणी विचारलं, राजेहो. बाबांच्या दहाव्याले हा म्हातारा दिवसभर घाटावर बसून होता. मी त्याले पाणीबी नाही विचारलं."