बाईंसाठी आठ केळी

बायोकेमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षी मॅडमनी विचारलं, "स्टार्चच्या प्रॅक्टिकलसाठी कच्ची केळी कोण आणेल?" माझा हात सगळ्यांत आधी वर गेला. नालासोपाऱ्याच्या फ्लॅटांतून येणारी मुलं फाडफाड इंग्रजी बोलायची, आणि मी 'कार्बोहायड्रेट' म्हणतानाही अडखळायचे. निदान केळ्यांत तरी मला कोण हरवणार होतं? वसईतली आमची वाडीच केळीची.

घरी बाबांना 'बाईंना हवीत' म्हणून आठ कच्ची केळी मागितली. "बाईंना कच्ची?" एवढंच म्हणून ते वाडीत गेले. सकाळी त्यांनी पानात गुंडाळलेलं पुडकं दिलं आणि मी ते तसंच उचललं. खरं तर वासावरूनच कळायला हवं होतं. पण आमच्या घरात बारा महिने केळी पिकत असतात, तो वास आम्हाला येतच नाही.

लॅबमध्ये पुडकं सोडलं तर आत पातळ सालीची, पिवळीधमक वेलची केळी. तीही आठ नाही, चांगली डझनभर! आयोडीन टाकलं की स्टार्च काळानिळा होतो, पण आमचं आयोडीन तांबूसच राहिलं. पिकताना स्टार्चची साखर होऊन गेली होती.

"वाडीत राहतेस ना? कच्चं-पिकलं कळत नाही?" मॅडम म्हणाल्या. अख्खा वर्ग हसला. प्रयोग उद्या पुन्हा करायचा होता; तो जमला नाही तर जर्नलवर सही नाही, आणि सही नाही तर परीक्षाही नाही. मला रडूच आलं.

बाबांशी कडाकडा भांडायचं ठरवूनच घरी आले. ते धुतलेला शर्ट घालून फाटकातच उभे होते.

"बाईंना आवडली?"

"खूप," मी म्हणाले. "पण उद्या कच्चीच द्या."

"एवढ्या चांगल्या बाईंना?"

संध्याकाळी कोयता घेऊन मीच घडातली आठ हिरवी केळी कापली. सकाळी पाहिलं तर पुडक्यात नऊ होती. नववं पिकलेलं.

आयोडीन काळंनिळं झालं, सही मिळाली. नववं केळं मॅडमना दिलं. त्यांनी ते बाहेर कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या खाल्लं आणि म्हणाल्या, "वडिलांना सांग, फार गोड होतं."

त्या दिवशी बाबांशी खोटं बोलावं लागलं नाही.