अर्धापूरची माती आणि निळं पाणी

लातूरला चार वर्षं शिकवणीत रसायनशास्त्र शिकवून मी पीएचडीसाठी नांदेडला आले. फळ्यावर उत्तर बरोबरच येतं, त्यामुळे आपलंही काही चुकू शकतं हे मी जवळजवळ विसरले होते. खरं सांगायचं तर थोडा माजच होता.

माझं काम रंगाच्या पाण्याचं. कापड रंगवून उरलेलं पाणी नाल्यात जातं. त्यात झिंक ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण टाकून उन्हात ठेवलं, की ऊन आणि ते कण मिळून रंग तोडतात. हे पुष्कळ जण करतात. मी त्यात भर घातली ती आमच्या रानाची. अर्धापूरजवळ आमची केळी आहे, तिथली काळी माती धुऊन, चाळून तिच्यात हे कण बसवले. कॉलेजच्या गच्चीवर भर दुपारी बीकर ठेवले आणि अर्ध्या तासात निळं पाणी नितळ. माझ्या मार्गदर्शक सरांनी ही बातमी चार ठिकाणी सांगून टाकली. मी तर घरी फोन करून वडिलांना सांगितलं की आपली माती आता पुस्तकात जाणार. आठवड्याने समितीपुढे काम मांडायचं होतं. ते पसंत पडलं तरच प्रबंध पुढे सरकणार होता.

त्याच संध्याकाळी काचसामान धुणाऱ्या मावशी एक बीकर घेऊन आल्या.

"मॅडम, ह्यो एक कपाटात ऱ्हायला होता. ह्याचा बी रंग गेलाय."

"कुणीतरी बदलला असेल," मी तोडून टाकलं.

"चिठ्ठीवर तुमचंच अक्षर हाय की."

अक्षर माझंच होतं. सकाळी भरलेला एक बीकर वर न्यायचा राहिला होता. दिवसभर अंधारात होता, तरी वरचं पाणी नितळ आणि तळाशी निळा गाळ. म्हणजे उन्हाने काही तोडलं नव्हतं. काळ्या मातीने रंग नुसता धरून ठेवला होता. त्या मातीत अख्खा जन्म गेलेला, आणि ती काय काय धरून ठेवते हे मला आठवू नये!

"धुऊन टाकू का?" मावशींनी विचारलं. त्यांच्या मनात काही नव्हतं, पण माझ्या होतं. हो म्हटलं असतं तर कुणालाच कळलं नसतं. मला स्वतःची लाज वाटली.

"नको," म्हटलं, "राहू द्या."

सकाळी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मी चार ठिकाणी बोलून बसलोय. आता समितीपुढे तूच खोडायचं."

"खोडते. पण हातात काहीतरी घेऊन खोडते," मी म्हणाले.

हातात पाच दिवस होते. मातीने धरलेला रंग तरी ऊन आणि कण मिळून तोडतात का, ते बघायचं होतं. निळा झालेला गाळ दोन बशांत पसरला. एक कपाटात, एक गच्चीवर. तिसऱ्या बशीत कण न घातलेली साधी माती तशीच निळी करून गच्चीवरच ठेवली. दर तासाला पाणी शिंपडायचं, गाळ हलवायचा. नांदेडचं एप्रिलचं ऊन, डोक्यावरचा ओला पंचा वर पोचेपर्यंत सुकायचा. मला मात्र मजा येत होती, कारण या वेळी मी आधी उत्तर ठरवलं नव्हतं.

समितीपुढे सगळ्यात आधी चूक सांगितली. लातूरहून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढला.

"म्हणजे पाणी मातीनेच साफ केलं. मग तुमच्या कणांचं काम काय उरलं?"

मी तिन्ही बशा त्यांच्यापुढे ठेवल्या. "सर, बोट लावून बघा."

कपाटातल्या बशीने त्यांचं बोट निळंशार केलं. साध्या मातीने थोडं फिकं, पण निळंच. उरलेल्या, कण घालून उन्हात ठेवलेल्या बशीत त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट बुडवलं, उजेडात धरलं, अंगठ्यावर चोळलं. बोटाला फक्त चिखल होता.

त्यांनी रुमालाला बोटं पुसली आणि माझ्या अहवालाचं पान उलटलं.

"पुढं बोला," ते म्हणाले.